नेपोलियनच्या काळातले लष्करी सर्जन : पाय लगेच कापायचा की थांबायचं?

तोफची
नेपोलियनच्या लढायांत सर्जनचा विषय निघाला की ठरलेलं चित्र डोळ्यांपुढे येतं. रक्ताने भिजलेला एप्रन, हातात करवत, दाराबाहेर हातापायांचा ढीग. ढीग खोटा नाही. पण 'दिसला पाय की उडव' असा कारभार होता, हे मला पटत नाही. त्या पिढीतले जाणते सर्जन एका प्रश्नावर वर्षानुवर्षं भांडत होते: कापायचाच असेल तर कधी कापायचा? धागा त्यासाठी.

आधी जखम समजून घेऊ. ब्रिटिश मस्केटची नळी पाऊण इंची. गोळी त्याहून जरा लहान, साधारण ०.६९ इंच व्यासाची आणि एक औंसाच्या आसपास वजनाची, म्हणजे ३० ग्रॅमच्या आगेमागे. मऊ शिसं, वेग आजच्या रायफलच्या मानाने फारच कमी. त्यामुळे ती सरळ आरपार जाईलच असं नाही. हाडावर आपटली की चपटी होते, हाडाचा चुरा करते, दिशा बदलून भलतीकडेच जाऊन बसते. जाताना कोटाचा तुकडा, पट्ट्याचं चामडं, कधी बटण, कधी खिशातलं नाणंही आत नेते. शिसं शरीरात वर्षानुवर्षं निमूट राहू शकतं. महिनोन्महिने अंगावर घामेजलेल्या लोकरी कोटाचा तुकडा मात्र आत कुजतो. म्हणून चांगला सर्जन गोळी सापडली की थांबत नसे. कोटाला पडलेलं भोक आणि जखमेतून निघालेला तुकडा जुळतो का, हे तो पाहत असे.

सळईपेक्षा बोट बरं, हाही नियम सर्वमान्य होता. गोळी लागली तेव्हा सैनिक ज्या पवित्र्यात होता त्याच पवित्र्यात त्याला धरून बोट घालायचं. नाहीतर स्नायू सरकलेले असतात आणि मार्ग मध्येच बंद झाल्यासारखा वाटतो.

कापण्याची कारणं बहुतेकांना मान्य होती. तोफगोळ्याने अवयव उडाला किंवा पार चिरडला. मांडीचं हाड गोळीने फुटलं आणि जखम उघडी आहे. गुडघ्याचा सांधा फुटला. हाडाबरोबर मुख्य धमनीही गेली. भांडण यापुढे सुरू होतं.

अठराव्या शतकाच्या मध्याला फ्रेंच शल्य-अकादमीने याच प्रश्नावर निबंध मागवले, आणि बक्षीस मिळालं ते 'थांबा' म्हणणाऱ्या फोरला. प्रशियाचा बिल्गर १७६१ मध्ये म्हणाला की बहुतेक वेळा कापायची गरजच नसते. इंग्लंडात जॉन हंटरही थांबण्याच्या बाजूचा. या मताला तर्क होता. धडधाकट गडी आत्ताच जबर धक्क्यातून गेला आहे, त्याला लगेच दुसरा धक्का कशाला? काही आठवडे जाऊ द्या, ताप ओसरू द्या, मग बघू. नेपोलियनच्या गार्डचा, म्हणजे त्याच्या खास निवडक फौजेचा, सर्जन दोमिनिक लारे आणि ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या सैन्यातला जॉर्ज गथ्री यांनी रणांगणावर जे पाहिलं त्यावरून दोघेही उलट निष्कर्षाला आले: पहिल्या २४ तासांत, जमल्यास त्याहून लवकर.

हाडवैद्य
चांगला विषय. लारेच्या बाजूने आज काय म्हणता येईल ते सांगतो.

फुटलेल्या मांडीत मेलेला स्नायू, हाडाचे तुकडे, माती आणि कापड एकत्र असतं. पहिल्या काही तासांत जंतू तिथे असतात, पण फैलावलेले नसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय सुजतो, ताप चढतो, पू धरतो. त्या वेळी कापलं तर सुजलेल्या, दूषित मांसातून सुरी जाते, आणि रोगी आधीच निम्मा खंगलेला असतो. त्यांना जंतू माहीत नव्हते. 'दाह सुरू होण्याआधी' एवढंच ते म्हणत, आणि वेळेपुरतं ते बरोबर होतं.

आणखी एक कारण व्यवहारातलं. फुटलेला पाय तसाच ठेवून माणसाला बैलगाडीत घातलं की प्रत्येक खड्ड्यात हाडाची टोकं मांसात घुसतात. कापून नीट बांधलेला उरलेला पाय हा प्रवास त्यापेक्षा कितीतरी बरा सोसतो. फिरत्या युद्धात हा मुद्दा शरीरशास्त्राइतकाच वजनदार होता.

मृण्मयी_क
प्रत्यक्ष शस्त्रक्रिया कशी करत, हे कोणी पायरीपायरीने लिहील का? 'दोन मिनिटांत पाय कापत' असं सगळीकडे वाचायला मिळतं. त्या दोन मिनिटांत नेमकं काय व्हायचं?

हाडवैद्य
मांडीचं उदाहरण घेतो. दोन-तीन मिनिटं हा कातडीपासून हाड तुटेपर्यंतचा वेळ. खरा वेळ त्यानंतर धमन्या बांधण्यात जातो.

माणसं किमान चार: सर्जन आणि तीन मदतनीस. एक रक्त थांबवायला, एक वरून मांस मागे ओढायला, एक खालचा पाय धरायला. हलणाऱ्या रोग्याला दाबून ठेवायला आणखी कोणी मिळालं तर उत्तम. रोगी टेबलाच्या किंवा काढलेल्या दाराच्या कडेला बसवलेला किंवा आडवा.

रक्त थांबवायला स्क्रूचा टूर्निकेट, फ्रेंच सर्जन पेतीने १७१८ च्या सुमारास काढलेला. पट्टा मांडीभोवती, पॅड धमनीवर, स्क्रू फिरवला की दाब वाढतो. गथ्रीसारख्या अनुभवी माणसाला मात्र भरवशाचा मदतनीस अधिक पसंत. जांघेत धमनी हाडावर अंगठ्याने दाबून धरायची. अडचण एकच, मदतनिसाचा अंगठा दमला किंवा सरकला की संपलं.

मग गोल छेद. सर्जन हात मांडीखालून घालून सुरीची धार वरच्या बाजूला आणतो आणि एका फेरीत कातडी कापतो, फक्त कातडी. मदतनीस ती दोनेक इंच वर ओढतो. वर गेलेल्या कातडीच्या कडेला लागून दुसरी फेरी, वरचे स्नायू. ते आपोआप आखडून वर जातात. त्यांच्या कडेला तिसरी फेरी, थेट हाडापर्यंत. हाड सर्वांत वर कापलं जातं, स्नायू त्याखाली, कातडी सर्वांत लांब. आतून उलट्या नरसाळ्यासारखा आकार यायला हवा.

मग मधोमध चिरलेलं तागाचं कापड हाडाभोवती अडकवून मांस मागे ओढायचं, म्हणजे करवतीच्या दातांत ते येत नाही. करवतीचा पहिला ओढा मुठीकडच्या टोकाने आपल्याकडे, खाच पाडण्यापुरता. नंतर लांब आणि सावकाश ओढे, शेवटी अगदी हलक्या हाताने.

इथे सगळ्यांत जास्त बिघाड खालचा पाय धरणाऱ्यामुळे होतो. त्याने पाय वर उचलला तर फट मिटते आणि करवत अडकते. खाली सोडला तर शेवटचं पातळ हाड कडकन तुटून सुळका राहतो, तो नंतर हाडाच्या चिमट्याने कुरतडावा लागतो. नवशिक्याच्या हाती सुरी देऊ नये हे सगळेच सांगत. पाय धरायलाही शहाणा माणूस लागतो, हे कमी जण सांगत.

धमनीचं तोंड बारीक आकड्याने बाहेर ओढून मेण लावलेल्या दोऱ्याने बांधायचं. शीर आणि मज्जातंतू सोबत आले तर सोडवून घ्यायचे. मज्जातंतू दोऱ्यात सापडला की रोगी दिवसेंदिवस असह्य कळा काढतो. मग टूर्निकेट थोडा सैल करून उरलेल्या रक्तवाहिन्या शोधायच्या. दोऱ्याचं एक टोक कापायचं, दुसरं जखमेच्या कोपऱ्यातून बाहेर लोंबत ठेवायचं. आतला भाग कुजून सुटला की दोरा ओढून काढता येतो. लहान वाहिन्यांचा आठवड्याभरात सुटतो, मांडीच्या मुख्य धमनीला दोन-तीन आठवडे लागतात. घाईने ओढला की धमनी पुन्हा फुटते. शस्त्रक्रिया उत्तम झालेली माणसं अशी पंधराव्या दिवशी, मध्यरात्री, अंथरुणात रक्तस्राव होऊन गेलेली आहेत.

बंद करायच्या पद्धतीत मतभेद. ब्रिटिश कातडीच्या कडा जुळवून चिकटपट्ट्यांनी बांधत. फ्रेंच बरेचदा आत लिंट, म्हणजे मऊ पिंजलेलं कापड, ठेवून जखम काहीशी उघडी ठेवत. दूषित जखमेसाठी दुसरा मार्ग आजच्या विचाराच्या जवळचा आहे.

उलट_तपासणी
आता थोडा विरोध. 'लगेच कापा' हे मत आकड्यांनी सिद्ध झालं असं सर्रास लिहिलं जातं, आणि पुढे केले जातात ते गथ्रीचे १८१३ च्या उत्तरार्धातले, स्पेनमधले आकडे. ढोबळमानाने ते असे: रणांगणावर तातडीने केलेल्या शस्त्रक्रियांत बारांत एक मृत्यू, मागच्या रुग्णालयांत उशिरा केलेल्यांत जवळजवळ निम्मे. फरक डोळे दिपवणारा आहे. म्हणूनच तपासून घ्यायला हवा.

एक. रणांगणावरचा सर्जन कापतो, बांधतो आणि रोगी मागे पाठवतो. तो माणूस तीन आठवड्यांनी वाटेत किंवा दूरच्या रुग्णालयात गेला तर तो कोणाच्या खात्यात पडतो? तातडीच्या खात्यात तो मेल्याची नोंद होईलच असं नाही.

दोन. उशिरा कोणाला कापलं? ज्यांचा पाय वाचवायचा प्रयत्न फसला त्यांना. म्हणजे आधीच गँगरीन किंवा तापाने गाठलेले. ज्यांचा पाय थांबल्यामुळे वाचला ते या कोष्टकात येतच नाहीत.

तीन. हा उलट बाजूने जातो. थांबलेल्यांपैकी जे शस्त्रक्रियेआधीच मेले तेही कोष्टकात नाहीत. त्यांना धरलं तर 'थांबा' पक्षाची अवस्था आणखी वाईट दिसेल.

तेव्हा दिशा बरोबर, पण बारांत एक विरुद्ध निम्मे हे प्रमाण जसंच्या तसं उचलू नये.

तोफची
दुसरा मुद्दा विशेष पटला. थांबून काय होतं याचा वेगळा पुरावा वॉटर्लूत आहे. लढाई १८ जून १८१५ ची. शरीररचनेचा नामांकित जाणकार चार्ल्स बेल लंडनहून ब्रुसेल्सला पोचेपर्यंत दहा-बारा दिवस उलटले होते. त्याच्या वाट्याला मुख्यतः फ्रेंच जखमी आले, ज्यांच्याकडे तोवर कोणी नीट पाहिलंही नव्हतं. सुजलेले, पू झालेले पाय त्याने कापले, आणि निकाल वाईट लागले. काही जण त्याचा हात कच्चा होता म्हणतात. मला हाताइतकाच दोष दिवसांचा वाटतो.

तिथेच उलटंही एक घडलं. गथ्री तेव्हा अर्ध्या पगारावर, म्हणजे प्रत्यक्ष सेवेबाहेर, होता, तरी ब्रुसेल्सला आला, आणि जुलैत एका फ्रेंच सैनिकाचा पाय चक्क खुब्याच्या सांध्यातून काढला. तो माणूस जगला. लढाईनंतर तीन आठवड्यांनी, त्या काळातली सर्वांत घातक शस्त्रक्रिया! तेव्हा नियम म्हणजे नियम असं इथेही नाही.

मृण्मयी_क
पण २४ तासांत कापायचं तर २४ तासांत जखमी सर्जनपुढे यायला नको का? मला वाटतं खरी गोम तिथे आहे.

क्रांतीच्या सुरुवातीला फ्रेंच नियमच असा होता की रुग्णवाहक गाड्या सैन्याच्या मागे एक लीग, म्हणजे चारेक किलोमीटर, ठेवायच्या. लढाई संपल्यावर जखमी गोळा करायचे. त्या अवजड गाड्या वेळेवर पोचत नसत. २४, कधी ३६ तास माणसं तशीच पडून राहायची आणि बरीचशी तिथेच संपायची. लारेने १७९२ मध्ये ऱ्हाइन आघाडीवर हे पाहिलं. घोड्यांच्या तोफखान्याच्या तुकड्या भरधाव जागा बदलतात, मग रुग्णवाहिका का नाही, हा त्याचा प्रश्न. पूर्ण आखणी १७९७ मध्ये इटलीत झाली.

गाडीची रचना बघण्यासारखी आहे. सपाट मुलखासाठी दोन चाकांची, दोन घोड्यांची, दोन जखमी आडवे नेणारी. आतली रुंदी ३२ इंच. वरून गोलाई, प्रत्येक बाजूला दोन लहान खिडक्या, पुढे-मागे दोन्हीकडे दुपाखी दारं. पेटी स्प्रिंगांवर टांगलेली. गाडीची जमीन सुटी, चार छोट्या रुळांवर सरकणारी, तिच्यावर घोड्याच्या केसांची चामड्याने मढवलेली गादी. या सरकत्या फळीला लोखंडी मुठी. त्यांत सैनिकांचे कमरपट्टे ओवले की तीच फळी स्ट्रेचर. जखमीला एकदा ठेवलं की टेबलापर्यंत पुन्हा उचलावं लागत नाही. हाडवैद्य म्हणाले ती हाडाची टोकं आठवा.

डोंगराळ वाटांना चार चाकांची, चार घोड्यांची मोठी गाडी, जवळजवळ पूर्ण लांबीत एका बाजूने उघडणारी. एका विभागात १२ हलक्या आणि ४ जड गाड्या, ११३ माणसं. असे तीन विभाग. इजिप्तमध्ये चाकं वाळूत रुतणार, म्हणून उंटाच्या दोन्ही अंगांना एकेक लांब पेटी.

दुसरा फ्रेंच लष्करी सर्जन पर्सी, त्याची कल्पना वेगळी होती. लांबुळकी गाडी, तिच्यावर मांड टाकून बसलेले आठ सर्जन, पोटात बाराशे जखमींना पुरेल इतकं ड्रेसिंग. म्हणजे लारे जखमीला सर्जनकडे आणतो, पर्सी सर्जनला जखमीकडे नेतो. गाडी टिकली नाही, जड आणि महाग. पण १८१३ मध्ये त्याचे स्ट्रेचरवाले अधिकृत झाले. प्रत्येकाकडे अर्धं स्ट्रेचर: एक दांडा आणि कापडाचा भाग. दोघं जमले की स्ट्रेचर तयार.

ब्रिटिशांकडे यातलं काहीच नव्हतं. पलटणीला एक सर्जन आणि दोन सहायक, बँडवाले उचलायला, आणि स्पेनमध्ये भरीव चाकांच्या करकरणाऱ्या बैलगाड्या. वॉटर्लूला काही जखमी तीन-चार दिवस शेतातच होते.

उलट_तपासणी
लारेच्या गाड्या किती लोकांना मिळाल्या, हेही लिहा. त्या मुख्यतः गार्डपुरत्या. बाकी फ्रेंच सैन्य बहुतेकदा मिळेल त्या गाडीवर. रशियात बोरोदिनोच्या लढाईत ७ सप्टेंबर १८१२ रोजी त्याने २४ तासांत सुमारे २०० अवयव कापल्याचं तोच सांगतो, पण नंतर त्या जखमींना न्यायला पुरेशी वाहनं नव्हती. निवडीचा क्रम मात्र त्याने कडक ठेवला: सर्वांत गंभीर आधी, हुद्दा पाहायचा नाही, आणि शत्रूचा जखमीही त्याच रांगेत. ते श्रेय निर्विवाद.

आडवाटेचा
याच काळातली आपल्याकडची लढाई म्हणजे असई, २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यात. समोर शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि भक्कम तोफखाना, त्यामुळे जखमा मोठ्या प्रमाणावर गोळ्यांच्या आणि छऱ्यांच्या. वेलस्लीच्या (हाच पुढचा वेलिंग्टन) बाजूला हजाराहून अधिक जखमी. कर्नल स्टीव्हन्सनची फौज दुसऱ्या दिवशी पोचली, तिचे सर्जन या जखमींच्या कामाला लागले आणि पाठलाग २६ तारखेपर्यंत लांबला. निजाम इंग्रजांचा दोस्त असूनही त्याच्या दौलताबादच्या किल्लेदाराने जखमी आत घ्यायला नकार दिला, म्हणून रुग्णालय अजिंठ्याला थाटावं लागलं.

वाहनाच्या बाबतीत मात्र कंपनीच्या फौजा युरोपातल्या ब्रिटिशांपेक्षा बऱ्या होत्या. डोली! चार ते सहा भोई, चाक नाही, म्हणून खड्डाही नाही. मांडी फुटलेल्याला बैलगाडीपेक्षा डोली केव्हाही चांगली. दोष असा की एका जखमीमागे इतकी माणसं लागतात, आणि तोफा सुरू झाल्या की भोई जागेवर राहतीलच याची खात्री नाही.

जाता जाता: वेलिंग्टनच्या स्पेनमधल्या सैन्याचा वैद्यकीय प्रमुख जेम्स मॅग्रिगर त्याआधी मुंबईत होता. १८०१ मध्ये हिंदुस्थानातून इजिप्तला गेलेल्या फौजेची वैद्यकीय बाजू त्यानेच सांभाळली.

मृण्मयी_क
भूल नव्हती, मग दारू पाजून कापत का?

हाडवैद्य
थोडी रम किंवा ब्रँडी देत, पण झिंगलेला रोगी कोणालाच नको असे, तो जास्त आडदांडपणा करतो. अफू बहुधा नंतर. ईथर आलं १८४६ मध्ये, क्लोरोफॉर्म १८४७ मध्ये, लारे १८४२ लाच गेला. एक नोंद मोलाची आहे: ८ फेब्रुवारी १८०७, आयलाऊची लढाई, शून्याखाली बरीच थंडी. मदतनिसांच्या हातांत हत्यारं राहत नव्हती, पण जखमींना वेदना फार कमी जाणवत होत्या. थंडीने बधिरता येते हे लारेने तिथे टिपलं.

मारणारी गोष्ट वेदना नव्हे, पुढचा महिना. एकाच भांड्यातलं पाणी आणि एकच स्पंज ओळीने सगळ्यांच्या जखमांना. वॉर्डात एकाला गँगरीन झालं की खाटेमागून खाट जात असे. उपाय नत्राम्ल किंवा तापलेलं लोखंड. वर रक्त काढण्याची खोड: छातीत गोळी लागलेल्याचं आधीच वाहून गेलेलं, त्यातून सर्जन २० औंस आणखी काढणार. पथ्याला पातळ पेज. लारेने १८०९ मध्ये लोबाऊ बेटावर जखमींना घोड्याच्या मांसाचा रस्सा दिला, चिलखताच्या छातीपत्र्यात शिजवलेला, मिठाऐवजी बंदुकीची दारू टाकून. यातला मांसरस्सा हाच खरा उपचार.

तोफची
म्हणूनच मॅग्रिगर मोठमोठ्या सामान्य रुग्णालयांच्या विरोधात होता. पलटणीचा आजारी पलटणीच्याच लहान रुग्णालयात ठेवा, गर्दी करू नका. १८१३ मध्ये इंग्लंडहून सुटे भाग जोडून उभ्या करायच्या लाकडी रुग्णालयांची सोय त्याने केली. कारण कोणाला हवं तर वाल्खेरेन बेटावरची ब्रिटिश मोहीम पाहा, १८०९: लढाईत शंभराच्या थोडे वर मेले, तापाने सुमारे चार हजार.

अवांतर, पण राहवत नाही. १८१३ मध्ये ल्युट्झेन आणि बाउट्झेनच्या लढायांनंतर अडीच हजारांहून अधिक फ्रेंच सैनिक हाता-बोटांच्या जखमा घेऊन आले. स्वतःच गोळी झाडून घेतली, असा आरोप. लारेच्या समितीने एकेक तपासला आणि आरोप फेटाळला. नवखे रंगरूट तीन रांगांत उभे, तिसऱ्या रांगेची बंदूक पुढच्यांच्या हातांवर फुटते. नेपोलियन आधी भडकला, मग त्याने लारेला पेन्शन दिलं.

मृण्मयी_क
एक शंका राहिली. घोटा चिरडला असला तरी पाय गुडघ्याखाली चार बोटांवरच कापत, असं दिसतं. एवढा चांगला पाय का घालवायचा?

हाडवैद्य
लाकडी पायासाठी. साधा खुंट लावायचा तर गुडघा दुमडून त्याच्यावर टेकून चालायचं. नडगी लांब ठेवली तर ती मागे काठीसारखी बाहेर येते, दारात, जिन्यात, घोड्यावर सगळीकडे आपटते. कृत्रिम पावलाचे महागडे पाय अधिकाऱ्यांना परवडत, शिपायाला खुंटच. वेलिंग्टनच्या घोडदळाचा प्रमुख अक्सब्रिज, त्याचा वॉटर्लूत मांडीतून पाय गेला, त्याला सांध्यांचा कृत्रिम पाय मिळाला.

या कापणीत सर्जनने दोन्ही पायांच्या मध्ये, आतल्या बाजूला उभं राहायचं. तिथून करवत दोन्ही हाडांवर एकदम बसते. सुरुवात जाड हाडावर, पण तुटायला हवं आधी बारीक हाड. ते शेवटपर्यंत राहिलं तर हेलकावतं आणि चिरफाळतं.

उलट_तपासणी
दोन हाडांमधलं मांस त्याच सुरीने की वेगळ्या?

हाडवैद्य
वेगळ्या. अरुंद, दोन्ही बाजूंना धार असलेली. ती मधून घालून आठच्या आकड्यासारखी फिरवायची, आणि तागाच्या कापडाला इथे दोन नव्हे, तीन शेपट्या. मधली हाडांमधून ओवायची.